नेव्ही ब्लूमध्ये उठलेला पट्टा

आमच्या घरचे माग इचलकरंजीत, लहानपणापासून खटखट ऐकतच मोठी झालेय, तरी सूत कसं कातलंय यावर कापडाचा रंग बदलतो हे खरं कळलं ते पप्पांचा एक ताका प्रोसेसमधून परत आला तेव्हा. 20 काउंटचं (काउंट म्हणजे सूत किती बारीक ते) साधं कापड, नेव्ही ब्लू रंगवलेलं, आणि मधोमध हा एवढा आडवा पट्टा. बाकीचा निळा छान खुललेला आणि पट्ट्यात तोच निळा मळकट, धूळ बसल्यासारखा. पप्पा आधी डाईंगवाल्यावरच चिडले.

काकांनी मात्र काही न बोलता दोन्हीकडचा एकेक आडवा धागा काढला आणि चिमटीत धरून उलटा पीळ दिला. एक लगेच उलगडला, आतले तंतू सरळ शेजारी शेजारी, ओढला की अलगद सुटला. पट्ट्यातला दुसरा काही केल्या पूर्ण सुटेना, त्याच्यावर मधेमधे तंतू करकचून गुंडाळलेले, कंबरपट्टा बांधावा तसे. म्हणजे पहिला रिंग पद्धतीने कातलेला आणि दुसरा ओपन एंडचा, म्हणजे ओईचा! बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताच्या, गुंड्या (कोन) कमी पडल्या म्हणून काउंट तोच बघून कुणीतरी ओईच्या लावल्या होत्या, आणि न रंगवलेल्या कोऱ्या कापडात ते कुणाच्याच डोळ्यांना दिसलं नाही.

रिंगमध्ये तंतू ताणून सरळ करत पीळ देतात, ओईमध्ये कापूस मोकळा करून हवेने फिरत्या रोटरमध्ये सोडतात आणि तिथेच धागा बनतो, काम झपाट्याने होतं, स्वस्तही पडतं, पण तंतू तितके सरळ बसत नाहीत मग उजेड विखुरतो आणि रंग मंद दिसतो. टाकी एक, रंग एक, तरी असं. कोम्ब्ड, म्हणजे कातण्याआधी कापूस विंचरून केलेल्या, सुतात आखूड तंतू आणि बऱ्याचशा गाठी निघून जातात म्हणून गडद रंगात पांढरे ठिपके कमी दिसतात, कारण न पिकलेल्या कापसाची गाठ रंगच नीट धरत नाही.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते पिळाच्या दिशेचं. काकांकडे एक जुना तुकडा आहे, उभे धागे थोडे उजव्या पिळाचे मग थोडे डाव्या पिळाचे, सगळं एकाच हिरव्यात बुडवलेलं आणि तरी त्यात दोन छटांचे पट्टे दिसतात. खिडकीपाशी नेऊन हळूहळू फिरवला की फिकट पट्टा गडद होतो आणि गडद फिकट.