डोकं वर धरलेलं पिल्लू

खच्ची करताना डुकराच्या पिल्लाला मागच्या पायांनी उलटं धरतात. मी शिकलो तेव्हा तसंच शिकलो, आणि पुढे कित्येकांना तसंच शिकवलं. पिल्लू चावत नाही, जागा समोर येते, एका माणसाचं काम होतं. त्या धरण्यातच खोट आहे, हे पुस्तकात वाचलेलं होतं. हाताला ते त्या दिवशी कळलं.

गेलो होतो दुसऱ्याच कामाला. एका गाभण मादीला 41.5 अंश ताप होता आणि पाठीवर, कुशीवर पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचे लाल, हाताला उंच लागणारे चट्टे होते. इरिसिपेलास. इतका सरळ रोग डुकरांत क्वचितच भेटतो: चट्टे ओळखले आणि वेळेवर पेनिसिलीन दिलं, की बहुतेक जनावरं दुसऱ्या दिवशी खायला उठतात. स्वाइन फीवरमध्येही ताप असतो आणि कातडी लाल-जांभळी पडते, पण तिथे नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही. क्लासिकल स्वाइन फीवर की आफ्रिकन, हे प्रयोगशाळेशिवाय कोणी छातीठोकपणे सांगू नये, आणि आफ्रिकनवर तर उपचारच नाहीत. असो. इंजेक्शन देऊन हात धूत होतो, तेवढ्यात कामगार धावत आला.

"साहेब, पिल्लांची आतडी बाहेर आलीत. दोघांची."

सकाळी त्यांनी एका वेतातली सहा नर पिल्लं खच्ची केली होती. वय पाच दिवस. दोघांच्या जखमेतून आतड्याची वेटोळी लोंबत होती, एकाची भुश्शात माखलेली. "चिरा मोठा गेला असेल माझ्याकडून," तो म्हणाला. चिरा अगदी बरोबर होता. या माणसाचा हात माझ्याहून सफाईदार आहे आणि त्याने स्वतःला दोष द्यावा हे मला अजून खुपतं.

अंड पोटातून खाली उतरतं त्या वाटेवर जांघेत एक कडं असतं. ते सैल राहिलं तर अंडाच्या मागोमाग आतडंही त्याच पिशवीत उतरतं. हा हर्निया. पिल्लू उलटं केलं की आतडं आपल्याच वजनाने पोटात परत घसरतं आणि अंडकोष निर्दोष दिसतो. मग चिरा दिला, पांढरी पिशवी उघडली, अंड ओढून काढलं, पिल्लू चार पायांवर सोडलं, की आतड्याला वाट मोकळी. तपासायचं तर पिल्लू डोकं वर करून धरायचं आणि अंगठ्याने पोट हलकेच दाबायचं. हर्निया असेल तर अंडकोष फुगतो. दहा सेकंदांचं काम आहे.

पहिल्या पिल्लाचं आतडं काळं पडलं होतं, एका जागी फाटलंही होतं. त्याला तिथेच भुलेच्या जास्त मात्रेने शांत केलं. दुसऱ्याचं गर्द लाल होतं, पण चकाकी होती. तेवढ्यावर मी शस्त्रक्रियेला बसलो.

एवढ्याशा जिवाला भूल देणं हे खरं जोखमीचं. वजन दोन किलोच्या आत, ॲझापेरोन आणि केटामाइन मिलिलिटरच्या दशांशात मोजावं लागतं. जागा बधिर करायला लिग्नोकेन, तेही हात आखडून, कारण लहान शरीरात ते लवकर विषारी ठरतं. शिवाय गारठ्याची भीती. डुकराच्या पिल्लाला ऊब निर्माण करणारी तपकिरी चरबी नसते, ते भुलेखाली भराभर थंड पडतं. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवल्या. सलाईन अंगाच्या उष्णतेइतकं, 39 अंशांच्या आसपास गरम केलं आणि आतडं धूत राहिलो, भुश्शाचा शेवटचा कण निघेपर्यंत. हळूहळू काळपटपणा उतरला, गुलाबी रंग आला, आणि मग आतड्यातून एक लाट सरकताना दिसली. ती लाट पाहण्यासाठी मी कितीही वेळ धूत बसेन.

ते आत जाईना. आतडं सुजलेलं, कडं तेवढंच. इथे रेटलं की आतडं फाटतं, म्हणून कडं पुढच्या बाजूने किंचित कापलं आणि कामगाराला पिल्लाचं मागचं अंग वर उचलायला सांगितलं. वेटोळी आपोआप आत गेली. सकाळी ज्या उलटं धरण्याने हर्निया लपवला होता, तेच आता कामी येत होतं. फाटलेल्या पिशवीच्या कडा शोधल्या, पीळ दिला, विरघळणाऱ्या दोऱ्याने मांसातून टाका घेऊन बांधल्या आणि कड्यावर दोन टाके घातले. पाऊण तासाने पिल्लू कान हलवू लागलं. संध्याकाळी ते आईच्या सडाला होतं.

निघण्याआधी शेजारच्या कप्प्यातलं, अजून खच्ची न केलेलं वेत तपासलं. एकेक पिल्लू डोकं वर करून. चौथ्याचा अंडकोष माझ्या डोळ्यांदेखत भरला. त्याला बंद पद्धत लागेल: पिशवी न उघडता अंडासकट पिळायची, बांधायची, मग कापायचं.

दोन्ही वेतांचा बाप एकच. मग नोंदवही मागितली. पिल्लांच्या उजव्या कानातल्या खाचा वेताचा क्रमांक सांगतात, त्यावरून बाप निघतो. वर्षभरात "खच्चीकरणानंतर मृत्यू" अशा नऊ नोंदी होत्या, त्यांतल्या सहा याच नराच्या. हर्निया हा शब्द एकदाही नव्हता. सहापैकी दोन नोंदी माझ्या अक्षरात होत्या. त्या पिल्लांत मी नक्की काय पाहिलं होतं, आठवत नाही. त्यांना मी डोकं वर करून धरलं नव्हतं, एवढं आठवतं.

मालक म्हणाले, "दोष माद्यांचा असेल." अर्धं खरं आहे. हर्निया एकाच जनुकाचा खेळ नाही, दोन्हीकडून येतो. पण माद्या वेगवेगळ्या आणि नर एकच, हे त्यांनाही दिसत होतं. त्याची पिल्लं कळपात सगळ्यांत लवकर वाढतात, म्हणून त्याला काढायला त्यांचं मन होत नाही.

आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. खच्ची करतात ते मोठ्या नराच्या मांसाला ॲन्ड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल या द्रव्यांमुळे येणारा वास टाळण्यासाठी. आता दोन इंजेक्शनांच्या लशीनेही तो वास थांबवता येतो. जर्मनीत 2021 पासून भूल न देता पिल्लू खच्ची करायला कायद्याने बंदी आहे. आणि आम्ही इथे ज्या पिल्लाचं आतडं बाहेर आलं त्यालाच भूल दिली. सकाळी खच्ची करताना सहांपैकी एकालाही कोणी दिली नव्हती, आणि ते मला सकाळी कोणी सांगितलं असतं तरी मी काही बोललो नसतो.

नर अजून त्याच कप्प्यात आहे. त्याची पिल्लं पैदाशीला ठेवायची नाहीत, एवढं मालकांनी कबूल केलंय. वहीत हर्नियाचा वेगळा रकाना मी स्वतः आखून आलो. गुरुवारी त्या चौथ्या पिल्लाचं ऑपरेशन आहे.