सूर्य गायब झाला तेव्हा

रविवार, रात्री

आज क्लब हाऊसमधे सोसायटीतल्या पोरांना इम्प्रेशनिझम दाखवला, म्हणजे आऊटलाईन सोडून रंग आणि उजेड जसा दिसतो तसा रंगवायची फ्रेंच चित्रकारांची पद्धत. पोरं पहिली ते पाचवीतली सगळी. अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून झोपायच्या आधी लिहून ठेवतेय.

आपल्याकडच्या कुठल्याही मुलाला चित्र काढ म्हटलं की दोन डोंगर, मधे अर्धा सूर्य, खाली नदी, बाजूला नारळाचं झाड, आणि सगळ्याला काळ्या स्केचपेनची आऊटलाईन. सूर्य पिवळा, पाणी निळं, सावली काळी हे ठरलेलंच. बघायची गरजच उरत नाही. म्हणून मी आज पेन्सिल, कात्री, काळा रंग यातलं काहीच टेबलावर ठेवलं नाही. फक्त पांढरं कार्डशीट, पतंगाचा कागद (निळा, जांभळा, हिरवा, पोपटी, गुलाबी, थोडासा केशरी), चपटे ब्रश आणि वाटीत पाणी घालून पातळ केलेला फेव्हिकॉल. कागद हातानेच फाडायचा, फेव्हिकॉलवर ठेवायचा, वरून परत एक हात मारायचा, बस.

पण आधी लॅपटॉपवर क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचं ‘इम्प्रेशन, सनराईज’ हे सूर्योदयाचं चित्र लावलं, १८७२ सालचं, फ्रान्समधलं ल हाव्रचं बंदर, निळसर राखाडी धुकं आणि त्यात केशरी सूर्याचा गोळा. थोडा वेळ बघू दिलं आणि मग तेच चित्र ब्लॅक अँड व्हाईट केलं. सूर्य गायब! म्हणजे जवळजवळ नाहीच दिसत, कारण तो आजूबाजूच्या आकाशापेक्षा उजळ रंगवलेलाच नाहीये, तो तळपतो तो फक्त केशरी निळ्यात बसलाय म्हणून. पोरांनी मला ते बटण इतक्यांदा दाबायला लावलं, रंगीत कर, परत काळं कर, परत रंगीत कर. मग १८७४ च्या प्रदर्शनाची गोष्ट सांगितली, पॅरिसमधे नादार नावाच्या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत भरलेलं, आणि लुई लरोआ नावाच्या समीक्षकाने याच चित्राच्या नावावरून तिथल्या सगळ्या चित्रकारांची ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणून टर उडवली आणि तेच नाव त्यांना कायमचं चिकटलं. एकाने लगेच विचारलं, मग त्यांनी चित्रं काढणं सोडलं का? नाही रे बाबा, १८८६ पर्यंत एकूण आठ प्रदर्शनं भरवली.

मग तळं. मोने १८८३ मधे फ्रान्समधल्या जिव्हेर्नी गावात राहायला गेला आणि दहा वर्षांनी शेजारची जमीन घेऊन तिथे स्वतःसाठी तळं करून घेतलं, त्यात वॉटर लिली लावल्या आणि मरेपर्यंत म्हणजे १९२६ पर्यंत त्या तळ्याची अडीचशेच्या आसपास चित्रं काढली. चित्र काढायला आधी तळं खणायचं, हे पोरांना जाम आवडलं.

इथे एक जण म्हणाली, काकू, पाण्याला निळाच कागद घेऊ ना? मला हाच प्रश्न हवा होता. सगळ्यांना बाहेर नेलं, मोठा काळा टब पाण्याने भरून अशोकाच्या झाडाखाली ठेवला आणि म्हटलं, आता फक्त रंगांची नावं सांगा. पहिल्यांदा सगळे एका सुरात निळा. मग कुणीतरी वाकून म्हणालं हिरवा, मग बिल्डिंगच्या भिंतीचा क्रीम सापडला, ढगांचा पांढरा सापडला, आणि दुसरीतला एक छोटा म्हणाला की झाडाच्या खाली जांभळं आहे. खरंच होतं. काळी म्हणून आपण ज्या सावलीवरून रोज जातो तिच्यात त्याला जांभळा दिसला, आणि मला एवढंच पाहिजे होतं आजच्या दिवसातून.

आत आल्यावर कुणीच नुसता निळा उचलला नाही.

पतंगाचा कागद ओला झाला की रंग सोडतो, हे या कामाला फार छान आहे. पिवळट पोपटीवर निळा आला की तिसराच हिरवा होतो, गुलाबीचा रंग निळ्यात उतरून कडा विरघळतात, मग आऊटलाईन काढायची म्हटली तरी काढता येत नाही. चौथीतल्या एकीने निळ्याच्या मधोमध केशरीचा नखाएवढा तुकडा लावला आणि ओरडली की काकू निळा जास्त निळा झाला! मग शेव्रलची गोष्ट आलीच. हा फ्रेंच केमिस्ट, गोबेलँ या चित्रं विणलेले पडदे करणाऱ्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख, तिथे तक्रार अशी की काळ्या धाग्याचा रंग फिका पडतो, आणि याने शोधून काढलं की रंगात खोट नाही, शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा दिसतो. १८३९ मधे त्याचं यावर पुस्तक आलं आणि पुढे चित्रकारांनी ते मनावर घेतलं. चौथीतल्या मुलीला हे आधी स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं आणि नाव नंतर कळलं, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

म्हणूनच ती छापील शीटं मिळतात ना, मोनेच्या चित्राची आऊटलाईन काढून दिलेली, आत रंग भरा वाली, ती मला अजिबात पटत नाहीत. ज्या माणसाने आऊटलाईन सोडली त्याचीच आऊटलाईन काढून मुलांच्या हातात द्यायची? त्यापेक्षा काहीच न शिकवलेलं बरं.

न्यायला आलेल्या एक आई कार्डशीट हातात धरून विचारत होत्या, यात फूल कुठंय गं? लेकीने त्यांच्याकडून ते काढून घेतलं, भिंतीला टेकवून ठेवलं आणि आईला ओढत दारापर्यंत मागे नेलं. लांबून बघितलं की फूल दिसतं हे मी तिला सांगितलं नव्हतं, बाकीच्या चित्रांकडे मागे जाऊन बघताना तिचं तिलाच कळलेलं.

पुढच्या रविवारी गंज्या घेणार, १८९०-९१ मधे मोनेने शेतातली तीच ती गंजी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उजेडात रंगवली तो प्रकार. होमवर्क दिलाय, घरच्या खिडकीतून दिसणारी एकच गोष्ट सकाळी, दुपारी आणि दिवे लागायच्या वेळी बघायची आणि फक्त रंग लिहून आणायचे. बऱ्याच जणांनी समोरच्या विंगची पाण्याची टाकी निवडलीये. केशरी आणि जांभळा कागद जास्तीचा आणायला हवा, आज पार संपला, आणि ब्रश आत्ताच धुवायला घेते, फेव्हिकॉल वाळला की कामातून जातील.