नाशिक जिल्ह्याची २,६२५ मतं

राष्ट्रपतीपदाची निवडणूक आली की एक प्रश्न हमखास ऐकू येतो : आपण मतदानाला जातच नाही, मग त्यात नाशिकचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो चक्क आकड्यात मांडता येतो. राष्ट्रपती निवडतात ते आपण निवडून दिलेले आमदार आणि खासदार, आणि त्यांचं एकेक मत अनेक मतांइतकं मोजलं जातं, तेच मतमूल्य. जिल्ह्यात बागलाणपासून इगतपुरीपर्यंत विधानसभेच्या १५ जागा. महाराष्ट्राच्या एका आमदाराचं मतमूल्य १७५. गुणाकार करा, २,६२५. शिवाय नाशिक आणि दिंडोरीचे दोन खासदार, २०२२ च्या हिशेबाने प्रत्येकी ७००, म्हणजे आणखी १,४००. (मालेगावच्या दोन्ही जागा आणि बागलाण लोकसभेला धुळ्यात जातात, त्यामुळे तो खासदार धुळ्याच्या खात्यात.)

हे १७५ आलं कुठून? राज्याची लोकसंख्या भागिले निवडून आलेल्या आमदारांची संख्या, त्याला पुन्हा १,००० ने भाग. बाकी ५०० किंवा जास्त उरली तर एक वाढवायचा. महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५, आमदार २८८, उत्तर १७५. आता हा आकडा वाचून कुणीही दचकेल, कारण पाच कोटींचा महाराष्ट्र राहिला कुठे? पण गणित १९७१ च्या जनगणनेवरच होतं. ४२ व्या घटनादुरुस्तीने ते गोठवलं, ८४ व्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवलं. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांचं वजन घटू नये, हा हेतू. माल आजचा, भाव १९७१ चा, असा हा व्यवहार आहे.

यात कुणाचा फायदा झाला ते पाहण्यासारखं आहे. उत्तर प्रदेशचा आमदार २०८ वर, तमिळनाडूचा १७६ वर. म्हणजे तिथला आमदार आपल्यापेक्षा एका मताने भारीच. २०११ ची लोकसंख्या धरली असती तर महाराष्ट्राचा आमदार ३९० वर गेला असता, तमिळनाडूचा ३०८ वर आणि उत्तर प्रदेशचा ४९६ वर. मुंबई-पुणे-नाशिक पट्ट्यात बाहेरून आलेली माणसंसुद्धा त्या ३९० मध्ये आहेत, १७५ मध्ये नाहीत. सिक्कीमचा आमदार मात्र अवघ्या ७ वर आहे.

खासदाराचा हिशेब वेगळा. देशातल्या सगळ्या आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज भागिले निवडून आलेल्या खासदारांच्या ७७६ जागा. २०१७ ला हे ७०८ आलं. २०२२ ला जम्मू-काश्मीरची विधानसभाच अस्तित्वात नव्हती, म्हणून ७०० वर घसरलं. गंमत अशी की ७०० म्हणजे नेमके महाराष्ट्राचे चार आमदार. जम्मू-काश्मीरची विधानसभा २०२४ मध्ये परत आल्यामुळे पुढच्या वेळी हा आकडा थोडा वर सरकेल.

विधान परिषदेला इथे मत नाही. नाशिक विभागाच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांसाठी आपण एवढे अर्ज भरतो, नोंदण्या करतो, पण ते आमदार राष्ट्रपती निवडत नाहीत. राष्ट्रपतीनियुक्त खासदारही नाहीत.

उमेदवारी अर्ज हे पहिलं गाळण. वय ३५ पूर्ण, लोकसभेला उभं राहण्याची पात्रता, लाभाचं पद नको. हे जमतं, अडतं ते सह्यांवर. ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, सगळे याच निवडणुकीचे मतदार, म्हणजे खासदार किंवा आमदार. सोबत १५,००० रुपये अनामत आणि मतदार यादीतल्या आपल्या नोंदीचा प्रमाणित उतारा. एका मतदाराने दोन उमेदवारांच्या अर्जांवर सही केली तर आधी दाखल झालेल्यावरचीच धरली जाते. पूर्वी एक सूचक आणि एक अनुमोदक पुरत असे, त्यामुळे १९६९ ला १५ उमेदवार रिंगणात होते. १९७४ ला १० अधिक १० आले आणि १९९७ ला ५० अधिक ५०. १९७७ ला ३७ पैकी ३६ अर्ज बाद झाले आणि नीलम संजीव रेड्डी बिनविरोध निवडून आले. वैध मतांचा सहावा हिस्सा पार केला नाही तर अनामत जप्त.

मतदान मतपत्रिकेवर, मशीन नाही, ‘यापैकी कुणीही नाही’ हा नोटाचा पर्यायही नाही. खासदारांना हिरवी पत्रिका, आमदारांना गुलाबी. आपले आमदार मुंबईत विधान भवनात मत देतात. निवडणूक आयोगाने दिलेलंच जांभळ्या शाईचं पेन वापरायचं. उमेदवारापुढे १, २, ३ असा पसंतीक्रम आकड्यात लिहायचा. इंग्रजी 1 चालतो, रोमन चालतो, मराठी १ सुद्धा चालतो, पण अक्षरांत ‘एक’ लिहिलं की मत बाद. बरोबरची खूण केली तरी बाद, दोघांपुढे १ लिहिला तरी बाद. दुसरी पसंती नाही दिली तर काही बिघडत नाही. एवढं सोपं असूनही २०२२ ला ५३ मतं बाद ठरली आणि त्यातली १५ खासदारांची होती. पंधरा खासदार म्हणजे १०,५०० मतं. जिल्ह्याच्या २,६२५ च्या चौपट, नुसत्या चुकीच्या खुणेत!

राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला पत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. इथे उलटं : दाखवली की मत गेलं. व्हीप, म्हणजे पक्षाचा आदेश, लागू नाही, पक्षांतरबंदीची भीती नाही. २०१२ ला मुलायमसिंह यादव यांनी चुकीच्या नावापुढे खूण केली, ती पत्रिका फाडून दुसरी घेतली, आणि आयोगाने त्यांचं मत गुप्ततेच्या भंगापोटी रद्द केलं.

जिंकण्यासाठी वैध मतमूल्याच्या निम्म्यापेक्षा एक जास्त लागतं. २०२२ ला हा कोटा ५,२८,४९१ होता. द्रौपदी मुर्मू यांना ६,७६,८०३ मिळाली, यशवंत सिन्हांना ३,८०,१७७. पहिल्या फेरीत कोटा पार झाला नाही तर तळाच्या उमेदवाराची मतं पुढच्या पसंतीप्रमाणे वाटतात. हे प्रत्यक्षात निर्णायक ठरलं १९६९ ला. अपक्ष व्ही. व्ही. गिरींना ४,०१,५१५, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डींना ३,१३,५४८, आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, १,१२,७६९. कोटा ४,१८,१६९. बाकीच्यांच्या मतांवरच्या पुढच्या पसंती बहुतेक रेड्डींकडे गेल्या, त्यांच्यात जवळपास ९२ हजारांची भर पडली. गिरींना जेमतेम साडेअठरा हजार मिळाली, पण तेवढ्यानेच ते ४,२०,०७७ वर पोहोचले. आघाडी मोठी असली की थोडी दुसरी पसंतीही पुरते, एवढंच त्या निकालाचं रहस्य. इंदिरा गांधींच्या आवाहनावरून ‘अंतरात्म्याचा आवाज’ ऐकून काँग्रेस फुटली ती पहिल्या पसंतीतच.

माझ्या मते या निवडणुकीत उमेदवार कोण, याला माध्यमं देतात तेवढं महत्त्व नाही. राज्यांत कुणाचे किती आमदार, यावर नव्वद टक्के खेळ आटोपलेला असतो. उमेदवाराची निवड कामी येते ती समोरच्याचे मित्र फोडायला. २००७ ला शिवसेना भाजपसोबत असूनही प्रतिभाताई पाटील मराठी म्हणून त्यांच्या बाजूला गेली. त्यांचं जळगाव आपल्याच महसूल विभागातलं. २०२२ ला मुर्मू आदिवासी म्हणून उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेने आघाडी बाजूला ठेवून त्यांना पाठिंबा दिला. नाशिक जिल्ह्यात बागलाण, कळवण, दिंडोरी आणि इगतपुरी या चार जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, म्हणजे असं नाव इथल्या कुठल्याही पक्षाला नाकारणं जडच.

आता २०२७. मुर्मूंची मुदत त्या वर्षी २४ जुलैला संपते. नाशिकपुरतं पाहा : जून २०२४ च्या निकालात नाशिक आणि दिंडोरी दोन्ही जागा महाविकास आघाडीकडे, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या १५ पैकी १४ महायुतीकडे. सहा महिन्यांच्या अंतराने जिल्ह्याने एका बाजूला १,४०० आणि दुसऱ्या बाजूला २,४५० टाकले. उरली मालेगाव मध्य, एमआयएमची. ती जागा १६२ मतांनी ठरली. त्या १६२ मतांनी राष्ट्रपती निवडणुकीतली १७५ मतं एका खिशातून दुसऱ्या खिशात घातली.