सूट की गाडी: हेलडायव्हर्स २ मध्ये वाहन निवडताना

हेलडायव्हर्स २ या चौघांनी मिळून खेळायच्या नेमबाजीच्या गेममध्ये मोहिमेवर निघताना प्रत्येकाला चारच स्ट्रॅटेजम, म्हणजे बाणांचा कोड मारून मागवायची मदत (बॉम्बहल्ला, शस्त्र, वाहन), नेता येतात. त्यातली एक जागा वाहनाला द्यायची की नाही, आणि द्यायची तर कोणत्या वाहनाला, यावर आमच्या स्क्वाडमध्ये इतके वाद झाले की शेवटी मीच म्हटलं, सगळं नीट वापरून बघू आणि मग बोलू. वापरून बघायला बरेच दिवस गेले. चौघांच्या वेळा जुळणं हेच मुळात मोठं काम, त्यात दर वेळी कोणीतरी म्हणायचं, "आज प्रयोग नको, आज जिंकायचंय."

आधी पर्याय सांगतो. गेम ८ फेब्रुवारी २०२४ ला आला, आणि महिनाभरात ईएक्सओ-४५ पॅट्रियट हा एक्झोसूट, म्हणजे आत बसून चालवायचा यांत्रिक सूट, आला. एका हाताला मिनीगन, दुसऱ्या हाताला रॉकेट्स. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईएक्सओ-४९ इमॅन्सिपेटर आला, त्याला दोन्ही हातांना ऑटोकॅनन. आणि डिसेंबर २०२४ मध्ये इल्युमिनेट हे पहिल्या भागातले परग्रहवासी शत्रू परत आले, त्याच अपडेटमध्ये एम-१०२ फास्ट रेकॉन व्हेइकल मिळालं. सगळे त्याला एफआरव्ही म्हणतात, आम्ही नुसतं 'गाडी'. ही चार चाकांची, मागे हेवी मशीनगन बसवलेली उघडी गाडी आहे. मी ज्या तीन वाहनांची तुलना केली ती हीच. दोन लढाऊ आणि एक, म्हटलं तर, सहाय्यक. म्हटलं तर अशासाठी की गाडीलाही मशीनगन आहे आणि सूटही कधीकधी नुसता पहारेकरी म्हणून उभा ठेवावा लागतो.

तुलना करायची तर सुरुवात आकड्यांपासून होते, कारण मोहीम संपल्यावर गेमच कोणाचे किती किल झाले ते दाखवतो. त्यात पॅट्रियट घेतलेला माणूस बहुतेक वेळा सगळ्यात वर. टर्मिनिड्स या मोठ्या किड्यांचा घोळका समोरून आला आणि मिनीगन फिरायला लागली की पडद्यावर दुसरं काही दिसतच नाही. त्या तक्त्यावर निर्णय घ्यायचा असता तर विषय पहिल्याच रात्री संपला असता. पण मी दुसरे दोन आकडे बघायला लागलो: चौघांच्या टीमला मिळणाऱ्या २० रीइन्फोर्समेंटपैकी (मेलेल्याला परत बोलावण्याच्या संधी) किती उरल्या, आणि ४० मिनिटांच्या मोहिमेत घड्याळ कुठे होतं. इथे चित्र वेगळं निघालं. सूटवाल्याचे किल भरपूर, पण बाकीचे तिघे तेवढ्याच वेळा मेलेले.

कारण शोधायला लांब जावं लागत नाही. सूटमध्ये बसलेला माणूस बंदुकीपुरता उरतो. आतून स्ट्रॅटेजम फेकता येत नाही, म्हणजे एअरस्ट्राइक नाही, ऑर्बिटल (अंतराळातून मारा) नाही, मेलेल्या साथीदाराला परत बोलावणंही नाही. टर्मिनलवर काही टाइप करायचं असलं की उतरा. वाटेत सॅम्पल (गोळा करायचा नमुना) दिसलं की उतरा. चौघांपैकी एक जण सूटमध्ये शिरला की स्क्वाडमध्ये तोफ वाढते आणि हात कमी होतात. आठव्या-नवव्या, म्हणजे अवघड लेव्हलला तिघेही एकदम अडकले असताना सूटवाला समोरच्या चार्जरशी (मोठा चिलखती किडा) झुंजत असतो आणि बाकी कोणी मेलं तर त्याला बोलवायला उरलेल्या दोघांतल्या कोणाला तरी पळता पळता बाणांचा कोड मारावा लागतो. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, वर. पाच बाण, पण मागे हंटर जातीचे किडे उड्या मारत असताना ते पाच बाण फार लांब वाटतात.

शिवाय सूटचा दारूगोळा भरता येत नाही. रिसप्लायचा पॉड शेजारी पडला तरी त्याचा सूटला उपयोग नाही. पॅट्रियटची रॉकेट्स मोजकीच असतात आणि नवा माणूस ती पहिल्या दोन मिनिटांत लहानसहान किड्यांवर उडवून मोकळा होतो. एकदा सूट संपला की पुन्हा मागवण्याआधीचा मूळ कूलडाऊन (थांबायचा वेळ) १० मिनिटांचा. म्हणून पॅट्रियट आम्ही एका ठरावीक कामापुरता ठेवला: बाइल टायटन (अवाढव्य किडा) किंवा चार्जर येणार हे माहीत असेल तर रॉकेट्स त्यांच्यासाठी राखायची, बाकी सगळं मिनीगनने. त्या शिस्तीत तो उत्तम आहे. शिस्त नसेल तर लोखंडी पुतळा.

इमॅन्सिपेटर मला जास्त आवडला, आणि हे मत स्क्वाडमध्ये माझं एकट्याचं आहे. त्याचे ऑटोकॅननचे गोळे फुटतात, त्यामुळे दुरूनच किड्यांची बिळं बंद करता येतात. बिळापर्यंत धावत जा, ग्रेनेड टाका, परत या, हे सगळं वाचतं. दोन्ही हात वेगवेगळ्या बटणावर आहेत, तेव्हा आलटून पालटून मारायची सवय लागली की गोळे जपून वापरले जातात. पण हात वळायला वेळ घेतात. तुम्ही नजर फिरवली की निशाणीचं वर्तुळ मागून सावकाश येतं. पटकन बाजूने आलेल्या शत्रूवर मारताना आपलाच साथीदार त्या रेषेत असेल तर तो गेलाच, कारण या गेममध्ये आपल्या माणसालाही गोळी लागते. आमच्यातला एक जण त्यामुळे सूट सुरू झाला की न सांगता डोंगराच्या मागे जाऊन बसायचा.

गाडीचं प्रकरण वेगळं. तिला शिकावं लागतं.

एफआरव्हीचे गिअर हाताने बदलावे लागतात. मागे जायचं तर गिअर उतरवत रिव्हर्सला आणायचा, पुढे जायचं तर परत चढवायचा. दुसऱ्या खेळांत नुसतं मागचं बटण दाबलं की गाडी मागे येते, तसं इथे नाही. आमच्या पहिल्या फेऱ्या म्हणजे नुसता आरडाओरडा. "अरे थांब, मी चढलोच नाही!" "पुढे घे, पुढे!" "रिव्हर्समध्ये आहेस तू!" गाडी दगडावर चढली, एका बाजूला कलली, आणि मागच्या मशीनगनवर बसलेला आकाशात गोळ्या मारतोय. यात गाडी वाईट आहे असं नाही, तिच्यावर चार माणसांनी चार कामं वाटून घ्यावी लागतात. आणि ते आम्ही तिसऱ्या-चौथ्या लेव्हलच्या सोप्या मोहिमांवर केलं, जिथे चुकलं तरी काही बिघडत नाही. वरच्या लेव्हलला गाडी शिकायला जाऊ नये.

कामं अशी वाटली. चालवणारा फक्त चालवतो, त्याला गोळी मारताच येत नाही, म्हणून त्याने शत्रूकडे बघायचंच नाही, रस्ता बघायचा. मशीनगनवाला मागचं आणि वरचं सांभाळतो. बाकीचे दोघे बाहेर झुकून आपल्या बंदुकीने मारतात, ग्रेनेड टाकतात, आणि मुख्य म्हणजे स्ट्रॅटेजम फेकू शकतात. सूटच्या बाबतीत जे हात जातात ते इथे शाबूत राहतात. बसलेल्या दोघांपैकी एकाने नकाशावर पुढच्या ठिकाणाची खूण (पिंग) करत राहायचं, नाहीतर चालवणारा प्रत्येक फाट्यावर "आता कुठे?" विचारतो आणि तेवढ्यात गस्तीवरचे शत्रू गाडी बघतात.

हे जमलं तेव्हा खरा फरक जाणवला. नकाशाच्या एका टोकाला रेडिओ टर्मिनल, दुसऱ्या टोकाला बिळांचा अड्डा, आणि मध्ये तीन ठिकाणी सॅम्पल. पायी गेलो तर वाटेतल्या प्रत्येक गस्तीशी गाठ पडते, प्रत्येक गाठीत ब्रीच होतो (जमिनीतून किड्यांचा नवा घोळका वर येतो), आणि प्रत्येक ब्रीच दोन-तीन मिनिटं खातो. गाडीने त्यातल्या निम्म्या गाठी टळतात. सपाट जमिनीवर हंटरसुद्धा मागे पडतात. अड्ड्याजवळून जाताना वेग कमी करायचा, झुकलेल्या माणसाने बिळात ग्रेनेड टाकायचा, की पुन्हा निघायचं. ज्यांना वेळ फारच कमी असतो त्या ब्लिट्झ मोहिमांत तर आम्ही गाडीशिवाय जातच नाही.

गाडीचे तोटे सांगितले नाहीत तर हे अर्धवट होईल. चाकं वेगवेगळी तुटतात. एक चाक गेलं तरी गाडी चालते, पण एका बाजूला ओढत राहते, आणि अशा गाडीत बसण्यापेक्षा पायी गेलेलं बरं. मशीनगन चांगली आहे, पण उड्या मारणाऱ्या गाडीतून हल्क या मोठ्या रोबोच्या लाल डोळ्यावर नेम धरायचा हे काम थांबल्याशिवाय होत नाही, आणि ऑटोमॅटॉनच्या (रोबो शत्रू, आमच्या भाषेत बॉट्स) समोर थांबलं की त्यांचा रॉकेट मारणारा डेव्हस्टेटर तुम्हाला सोडत नाही. बॉट्सच्या ग्रहांवर आम्ही गाडी टेकडीआड ठेवतो आणि शेवटचा टप्पा पायी करतो. फॅक्टरी स्ट्रायडर हा त्यांचा प्रचंड चालता रोबो दिसला तर गाडीतून उतरायचं, वाद घालायचा नाही.

इथे जुन्या गेमची आठवण येते. २०१५ च्या पहिल्या हेलडायव्हर्समध्येही वाहनं होती: ईएक्सओ-४४ वॉकर, एम५ एपीसी, टीडी-११० बॅस्टियन रणगाडा, मोटरसायकलसुद्धा. पण तिथे कॅमेरा वरून आणि पडदा सगळ्यांचा एकच, त्यामुळे चौघांना जवळपासच राहावं लागे. गाडीने एखाद्याला मागे सोडून जाण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या भागात तो बांध नाही, आणि गाडीचा सगळ्यात मोठा धोका तोच आहे: दोघे गाडीत, दोघे पायी, मध्ये सातशे मीटर. रँडम लोकांबरोबर खेळताना हे हमखास होतं. कोणीतरी गाडी मागवतो, एकटाच बसतो आणि निघून जातो. म्हणून अनोळखी स्क्वाडमध्ये मी गाडी नेत नाही. तिथे इमॅन्सिपेटर बरा, तो कोणावर अवलंबून नाही.

इल्युमिनेटच्या विरुद्ध मात्र हिशेब पुन्हा बदलतो. व्होटलेसचे (त्यांचं झॉम्बीसारखं पायदळ) घोळके गाडी तुडवत जाते, तेवढं मजेशीर आहे. पण शहरात, विशेषतः मे २०२५ मध्ये सुपर अर्थवर (गेममधल्या पृथ्वीवर) हल्ला झाला तेव्हापासून जी मोठी शहरं आली त्यांत, रस्ते असूनही गाडी अडकते. ढिगारे, उभ्या गाड्या, अरुंद वळणं. आणि आकाशात लेव्हायथन हे त्यांचं प्रचंड उडतं जहाज असेल तर उघड्या चौकात गाडी दोन-तीन माऱ्यांत संपते. तिथे पॅट्रियट कामाला येतो. हार्वेस्टरची (त्यांचं तीन पायांचं उंच यंत्र) ढाल मिनीगनने झटकन उतरते, ढाल उतरली की रॉकेट पायाच्या सांध्यावर. दोन इमारतींच्या मध्ये सूट उभा करायचा, पाठ भिंतीला, आणि बाकीच्या तिघांनी त्याच्या आसपास राहून स्ट्रॅटेजम फेकायचे. सूटचे जे तोटे वर सांगितले ते इथे फारसे जाणवत नाहीत, कारण कोणाला कुठे जायचंच नसतं. इरॅडिकेटसारख्या मोहिमांनाही तेच लागू आहे. छोटा नकाशा, शत्रू सगळीकडून, पळायला जागा नाही. तिथे गाडी नेणाऱ्याला मी चहासुद्धा विचारणार नाही.

एक बारीक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. एक्स्ट्रॅक्शनला, म्हणजे मोहिमेवरून परत निघताना, शटल बोलावल्यावर साधारण दोन मिनिटं टिकून राहायचं असतं, आणि बहुतेक मोहिमा तिथेच बिघडतात. आमच्यात आता असं आहे की सूट असेल तर तो मोहिमेच्या मध्ये मागवायचा नाही, इथपर्यंत राखून ठेवायचा. टर्मिनल दाबण्याआधी मागवायचा, कारण सूट येऊन टेकेपर्यंत वेळ जातो. आणि शटल उतरलं की सूटमधून वेळेवर बाहेर पडायचं. सूट शटलमध्ये जात नाही, माणूस जातो. शेवटचा शत्रू मारण्याच्या नादात आतच बसून राहिलेल्याला सोडून शटल निघून गेल्याचं आम्ही बघितलंय, आणि तो मात्र पॉइंट मिळाल्यावर म्हणत होता, "किल बघितले का माझे?"

सध्या आमची व्यवस्था ढोबळ आहे. टर्मिनिड्स आणि मोठा नकाशा: एकाने गाडी, एकाने इमॅन्सिपेटर, बाकी दोघांनी वाहन घ्यायचं नाही. बॉट्स: इमॅन्सिपेटर दोघांकडे, गाडी इच्छेवर. इल्युमिनेट: शहर असेल तर पॅट्रियट, मोकळं मैदान असेल तर गाडी. चौघांनीही वाहनं घेतली तर एअरस्ट्राइक, ऑर्बिटल, टरेट यांच्या चार जागा कमी होतात आणि पाचव्या मिनिटाला पहिला बाइल टायटन आला की सगळे एकमेकांकडे बघतात. पॅट्रियटला बॉट्सविरुद्ध नेण्याबद्दल आमच्यातले दोघे अजून ऐकत नाहीत. त्यांचं म्हणणं, मिनीगन डेव्हस्टेटरला पुरेशी आहे. माझं म्हणणं, तोपर्यंत रॉकेट्स संपलेली असतात आणि हल्क उरलेला असतो. पुढच्या दहाव्या लेव्हलला त्यांना नेऊ दे म्हटलंय, मी मागे गाडी घेऊन येतो.