मिटणारी दोन कार्नेशन्स

प्रोजेक्टसाठी ‘डायॅन्थस’ (कार्नेशनच्या फुलाचं शास्त्रीय नाव) शोधायला बसलेल्या पोरांना कधीतरी खडकाला चिकटलेला एक प्राणी भेटतो आणि ती गोंधळतात. गोंधळ रास्त आहे. मेट्रिडियम डायॅन्थस हे उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातलं समुद्रफूल. नाव जॉन एलिस यांनी 1768 मध्ये दिलेलं. जर्मन लोक तर त्याला ‘झेनेल्के’, म्हणजे समुद्रातलं कार्नेशनच म्हणतात. आपलं फुलदाणीतलं कार्नेशन म्हणजे डायॅन्थस कॅरिओफायलस. या दोघांपुरता नियम सोपा: डायॅन्थस पहिला शब्द असेल तर झाड, दुसरा असेल तर प्राणी. (इंग्रजीत ‘पिंक’ हेही आधी याच फुलांचं नाव, रंगाचं नंतर. आपल्याकडे गुलाबावरून गुलाबी आलं, तसंच.)

दोघंही मिटतात. फूल मिटलं की संपलं. प्राणी मिटतो तो पुन्हा उघडण्यासाठी. फुलाचं मिटणं अभ्यासायला खानदेशाइतकी सोयीची जागा नाही, कारण त्याला लागणारा वायू इथे रावेर-यावलच्या केळीतून फुकट मिळतो.

पिकणारं केळं इथिलीन सोडतं. रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळं पिकवायच्या खोलीत, हाच वायू वापरतात, 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100). कार्नेशन या वायूला फार हळवं. पाकळ्यांच्या कडा आत वळतात, फूल झोपल्यासारखं दिसतं. शिवाय वायू लागला की फूल स्वतःही इथिलीन करू लागतं, त्यामुळे सुरुवात झाल्यावर मागे फिरणं नाही. केळीच्या घडात एक फणी पिकली की बाकीच्या पाठोपाठ पिकतात, त्यातलीच ही गत.

प्रयोगाला झाकणाच्या 3 सारख्या बादल्या घ्या, साधारण 15 लिटरच्या. प्रत्येकीत पाण्याच्या ग्लासात 3 उमललेली फुलं. देठ पाण्याखाली धरून 2 सेंमी तिरपे कापा, नाहीतर देठात हवा शिरते आणि फूल नुसत्या तहानेने मान टाकतं. पहिल्या बादलीत फक्त फुलं. दुसरीत ठिपके पडलेली 2 पिकली केळी. तिसरीत तशीच 2 केळी आणि मलमलच्या पुरचुंडीत विटेचे तुकडे. हे तुकडे आधी पोटॅशियम परमँगनेटच्या गडद द्रावणात रात्रभर भिजवून सावलीत वाळवलेले हवेत. परमँगनेट इथिलीन खातं आणि जांभळ्याचं तपकिरी होतं. 24 तासांनी उघडून बघा. दुसऱ्या बादलीतल्या पाकळ्या वळलेल्या असाव्यात, तिसरीतल्या बऱ्याच सावरलेल्या.

हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीतच करावा. एप्रिलच्या उन्हात पहिल्या बादलीतली फुलंही माना टाकतात, मग तुलना कशाशी करणार? दुसरी फसगत जास्त होते: केळी ठेवूनही फूल टवटवीत राहतं. केळ्याला दोष देऊ नका. दुकानातली फुलं बहुधा पॉलिहाऊसमधून येतात आणि तिथेच त्यांना चांदीचं द्रावण पाजलेलं असू शकतं. काही वाणही मुळातच कमी इथिलीन करणारे असतात. खात्री हवी तर थेट उत्पादकाकडून प्रक्रिया न केलेली फुलं मागवा.

ते चांदीचं द्रावण म्हणजे एसटीएस, सिल्व्हर थायोसल्फेट. ते केलं तर प्रयोगाला चौथी बादली जोडता येते: एसटीएस पाजलेली फुलं आणि तशीच 2 केळी. 0.34 ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट 20 मिली डिस्टिल्ड पाण्यात, आणि 1.98 ग्रॅम सोडियम थायोसल्फेट (स्फटिकरूप, पाच पाण्याचं म्हणजे पेंटाहायड्रेट) 80 मिलीमध्ये विरघळवा. मग चांदीचं द्रावण थायोसल्फेटमध्ये थेंब थेंब, ढवळत ओता. क्रम उलटा केलात तर पांढरा साका येतो, पिवळा होतो, मग काळा. ते सल्फाइड, टाकून द्यायचं. नळाचं किंवा बोअरचं पाणी चालत नाही. त्यातल्या क्लोराइडने सिल्व्हर नायट्रेट लगेच दुधाळ होतं. तयार द्रावणातलं 50 मिली घेऊन डिस्टिल्ड पाण्याने 1 लिटर करा, देठ त्यात तासभर ठेवा, मग साध्या पाण्यात. इथिलीन ओळखणाऱ्या प्रथिनात तांबं असतं. चांदी तिथे शिरते आणि फुलाला वायूचा निरोपच कळत नाही. हातमोजे घाला, कातडीवर काळे डाग पडतात. उरलेलं मोरीत ओतू नये, काचेच्या बाटलीत गोळा करून ठेवावं.

आता प्राणी. मेट्रिडियम आपल्या किनाऱ्यावर नसतं, पण कोकणातल्या खडकांच्या डबक्यांत दुसरी समुद्रफुलं भेटतात. समुद्रफुलाचं मिटणं स्नायूंचं. आतलं पाणी तोंडावाटे बाहेर, शुंडके (तोंडाभोवतीचे मऊ हात) आत, वर स्नायूची गोल कडी आवळलेली. पाणी पुन्हा भरायला बराच वेळ लागतो. मेट्रिडियमची आणखी एक खोड अशी की सरकताना तळाचे तुकडे मागे ठेवतं आणि त्या तुकड्यांची नवी पिल्लं होतात. कार्नेशनवालेही कलमंच लावतात, तेव्हा एवढ्यापुरतं नाव शोभतं.

कॉलेजच्या कपाटातलं समुद्रफूल सहसा सुक्या अंजिरासारखं दिसतं, कारण कुणीतरी ते जिवंतच फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवायच्या द्रावणात) टाकलेलं असतं. सहलीत नमुना घ्यायचाच असेल तर आधी परवानगीचं बघा. संरक्षित क्षेत्रातून काहीही उचलायचं नाही. चाकूने खरवडलं की तळ फाटतो, म्हणून छोट्या दगडासकट घ्या. समुद्राच्याच पाण्यात, अंधारात, पूर्ण उघडू द्या. मग गुंगी आणायला 75 ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड (सहा पाण्याचं, हेक्साहायड्रेट) 1 लिटर गोड्या पाण्यात विरघळवा आणि हे द्रावण भांड्यातल्या पाण्याइतकंच, कडेकडेने सोडा. घाई केली तर ते मिटतं, आणि तसंच गुंगलं तर उघडत नाही. शुंडकाला सुई लावून हालचाल होत नाही याची खात्री झाली की 1 भाग बाजारी फॉर्मॅलिन आणि 9 भाग समुद्राचं पाणी असं मिश्रण घाला, हवेशीर जागी. ठिकाण आणि तारीख जाड कागदावर पेन्सिलने लिहून चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. बाहेरचं लेबल दोन पावसाळ्यांत गळून पडतं.