रात्री दहानंतरचा पंप : आमची वाटचाल

कोल्हापुरात फुलेवाडीच्या अलीकडे, गगनबावड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचा पेट्रोल पंप आहे. वडिलांनी तो सुरू केला तेव्हा मागे उसाची शेती होती आणि रात्री नऊला साखळी लावली तरी कुणाचे अडत नसे. आज त्याच शेतात चार गल्ल्यांची वसाहत उभी असून पहिल्या घराची खिडकी आमच्या कुंपणापासून जेमतेम पंधरा पावलांवर येते. आम्ही आधी आणि वस्ती नंतर, हा मुद्दा खरा असला तरी पहाटे उठून कामावर जाणाऱ्या माणसासमोर तो मांडण्यात मला कधीच अर्थ वाटला नाही.

वेळ वाढवण्याचा विचार २०१९ च्या महापुरानंतर मनात आला. त्या ऑगस्टमध्ये गगनबावड्याचा रस्ता आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेल्याने टँकर येईनासे झाले, टाकीत उरलेले इंधन रुग्णवाहिका व बचावकार्यासाठी राखून ठेवावे लागले आणि आम्ही कित्येक रात्री पंपावरच काढल्या. तेव्हा एकाही शेजाऱ्याने तक्रार केली नाही, उलट मागच्या गल्लीतून चहा येत असे. त्यावरून रात्री पंप उघडा राहिला तरी लोकांची हरकत नसते, असा समज मी करून घेतला. गळीत हंगामात कुडित्र्याच्या कारखान्याकडे रात्रभर ऊस जातो, त्यामुळे डिझेलला गिऱ्हाईक मिळेल हे उघड होते. म्हणून कुणालाही न विचारता ‘रात्री १२ पर्यंत सेवा’ असा फलक लावला.

आठ दिवसांत सात-आठ शेजारी कार्यालयात येऊन बसले. त्यांच्यातील एक निवृत्त गुरुजी वही घेऊन आले होते आणि तिच्यात आवाजांची वेळेनिशी नोंद होती. गाड्यांविषयी त्यांची फारशी तक्रार नव्हती. त्यांना छळत होता तो आमचा हवेचा कॉम्प्रेसर, आणि वहीप्रमाणे तो पंप बंद झाल्यावरही पहाटेपर्यंत अधूनमधून सुरू होत असे. मला हे खोटे वाटले. त्या रात्री स्वतः बसून पाहिले, तेव्हा हवेच्या नळीच्या जोडातून गळती असल्याचे आणि टाकीतला दाब उतरला की यंत्र आपोआप सुरू होत असल्याचे लक्षात आले. म्हणजे वेळ वाढवण्याच्या कितीतरी आधीपासून आम्ही लोकांची झोप मोडत होतो, शिवाय वीजही फुकट घालवत होतो.

निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबल, अशी मर्यादा २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांत आहे. दहाचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण या मोजमापात दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. आम्ही गळती काढली, कॉम्प्रेसर रस्त्याकडील विटांच्या खोलीत रबरी गाद्यांवर बसवला आणि रात्री दहानंतर त्याचे बटण बंद ठेवू लागलो. टँकर दिवसाच रिकामा करून घेऊ लागलो. कारण बारा हजार लिटर पेट्रोल टाकीत उतरते तेव्हा तेवढीच वाफमिश्रित हवा वायुनलिकेतून बाहेर पडते आणि वारा पडलेल्या रात्री तो वास मागच्या घरांत रेंगाळतो. छताखालच्या दिव्यांची तोंडे खाली वळवली. सर्वांत अवघड गेले ते ट्रॅक्टरवाल्यांना गाणी बंद करायला सांगणे! उसाच्या ट्रॅक्टरवरचा साउंड म्हणजे चालकाची इभ्रत असते. आवाज बंद केल्याशिवाय नोझल उचलायचे नाही, हा नियम रुजायला अख्खा हंगाम गेला आणि काही गिऱ्हाइके कायमची तुटली.

वेळेबाबतची तोड शेजाऱ्यांनीच सुचवली. मध्यरात्रीपेक्षा पहाट बरी, असे त्यांचे म्हणणे पडले, कारण पाचला दूधवाले आणि तालमीला जाणारी पोरे अशी अर्धी गल्ली जागीच असते. त्यामुळे आता पंप पहाटे ५ ते रात्री ११ आणि फक्त गळीत हंगामात साडेबारापर्यंत चालतो, तोही रस्त्याकडच्या एकाच डिस्पेन्सरवर, म्हणजे इंधन भरण्याच्या यंत्रावर. रात्री साडेनऊ ते सकाळी सात महिला कर्मचाऱ्यांना त्यांच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. आमच्याकडील तिघींनी दिवसपाळीच पसंत केली, म्हणून रात्रीसाठी दोन नवी मुले घेतली. हंगाम सोडला तर त्यांचा पगार वजा जाता रात्रीच्या त्या तासाभरात फारसे काही उरत नाही, पण पहाटेची विक्री अपेक्षेपेक्षा चांगली निघाली.

कंपनीचे विक्री अधिकारी चोवीस तास सेवेचा आग्रह अजून धरतात आणि मी अजून नकार देतो. जनरेटरचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. दहानंतर वीज गेली की तो लावायचा नाही, असा शब्द गुरुजींना दिलेला असल्याने तेव्हा विक्री थांबवावी लागते आणि डिझेलसाठी थांबलेला चालक आमच्यावर तोंडसुख घेऊन निघून जातो. एक डिस्पेन्सर आणि चार दिवे चालतील एवढ्या बॅटरीसाठी दोन ठिकाणांहून दर मागवले आहेत.