पाण्यातली मोटर पाण्यानंच गार होते, मग पेटंट कशाचं?

इलेक्ट्रिक बोटीच्या मोटरच्या कूलिंगवर कुणी पेटंटचा ड्राफ्ट वाचायला दिला की मी वर्णन-बिर्णन सोडून सरळ मागची पानं उघडते आणि क्लेम नंबर एक (क्लेम म्हणजे नेमका कशावर हक्क मागितलाय ते सांगणारं वाक्य) वाचते, आणि बहुतेक वेळा तिथं तेच असतं. मोटर आहे, तिच्याभोवती पोकळ आवरण आहे, त्यातून बाहेरचं पाणी फिरतं, मोटर गार राहते. बास. यात खोटं काहीच नाही, मोटर राहतेच गार, पण हे वाचून पेटंट ऑफिसातला एक्झामिनर जे करणार ते मला आत्ताच दिसत असतं, तो पेटंटच्या विषयवार वर्गीकरणातला बी६३एच २०/२८ हा वर्ग उघडणार (आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून लावायचं इंजिन, त्याच्या कूलिंगच्या पाण्याचा सगळा कारभार या एका वर्गात आहे), मग एच०२के ५/२० उघडणार, तिथं मोटरच्या केसिंगमधल्या कूलिंगच्या वाटा आहेत, आणि अर्ध्या तासात त्याच्याकडे डी१ आणि डी२ तयार असणार. डी१ डी२ म्हणजे तुमच्या आधी कुणीतरी लिहून ठेवलेले कागद.

इलेक्ट्रिक बोट हे काहीतरी कालपरवाचं प्रकरण आहे असं आपल्याकडे वाटतं ना, ते मुळात डोक्यातून काढायला हवं. गुस्ताव्ह त्रूव्हे नावाच्या फ्रेंच माणसानं १८८१ मध्ये सीन नदीत सुकाणूवर काढता-घालता येणारी इलेक्ट्रिक मोटर लावून बोट चालवली होती, आणि १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात पन्नासहून जास्त इलेक्ट्रिक बोटी लोकांना फिरवत होत्या. पेट्रोलची आउटबोर्ड जगभर पसरली ती यानंतर. मोटर पाण्याखाली ठेवली की आजूबाजूचं पाणीच तिला गार करतं हे तर मासे पकडणाऱ्यांच्या छोट्या ट्रोलिंग मोटर वापरणाऱ्या कुणालाही माहीत असतं. त्यामुळे "सभोवतालच्या पाण्याचा वापर करून उष्णता काढणे" असा क्लेम म्हणजे समुद्र माझा आहे म्हणण्यासारखं झालं.

बरं, मुळात उष्णता किती असते? २० किलोवॅटची मोटर धरा, कारण केरळात वैकम ते तवणक्कडवू चालणाऱ्या आदित्य या सोलर फेरीवर अशाच दोन मोटरी आहेत, ७५ माणसं नेते ती, जानेवारी २०१७ पासून. एफिशियन्सी ९२ टक्के धरली तर उष्णता होते साधारण पावणेदोन किलोवॅट. पाणी १० डिग्रीनं तापू द्यायचं ठरवलं तर मिनिटाला अडीच लिटर पाणी पुरतं. अडीच लिटर! डिझेल इंजिनाच्या मानानं हे काहीच नाही, तिथं इंधनातली ढोबळमानानं पाव ते एक तृतीयांश उष्णता पाण्यात सोडावी लागते. म्हणून "आमची मोटर जास्त चांगली गार होते" हे वाक्य ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो की मुळात तुमच्या मोटरला कूलिंगचा प्रॉब्लेम आहे का हो?

आहे, पण तो निराळ्या जागी आहे. एक म्हणजे लोड. गाडीतली शंभर किलोवॅटची मोटर सपाट रस्त्यावर ऐंशीच्या स्पीडला पंधरा किलोवॅटच्या आतबाहेर खेळत असते, बाकीची ताकद ओव्हरटेकला आणि घाटाला. बोटीत तसं नाही. बोटीला पॉवर साधारण वेगाच्या घनाच्या हिशोबानं लागते, म्हणजे वेग १० टक्के कमी केला की पॉवर २७ टक्के वाचते पण उलटंही तितकंच खरं, आणि तांडेल जेट्टीवरून निघाला की पलीकडं पोचेपर्यंत हँडल एकाच जागी असतं, मोटरला उसंत नाही. दुसरं म्हणजे रोटर, मोटरचा आत फिरणारा भाग. बाहेरून आवरण कितीही गार ठेवा, स्टेटर म्हणजे बाहेरचा स्थिर भाग गार होतो, पण आतल्या रोटरवरच्या मॅग्नेटची उष्णता बरीचशी मधल्या हवेच्या फटीतूनच बाहेर यायची, आणि साध्या ग्रेडचं निओडिमियम मॅग्नेट ८० डिग्रीच्या पुढं कायमचं ढिलं पडायला लागतं. आणि तिसरं म्हणजे पाणी स्वतःच. खारं पाणी, गाळ, प्लास्टिकच्या पिशव्या, आतल्या वाटेत धरणारं शेवाळ, ॲल्युमिनियमच्या आवरणाला लागलेलं स्टीलचं बोल्ट आणि त्यातून होणारा गंज, पाणी ढकलणारा रबरी इंपेलर जो कोरडा फिरला की थोड्याच वेळात फाटतो.

आता परीक्षेकडं येऊ. एक कल्पित अर्ज धरू, बऱ्याच फाइलींचं मिश्रण म्हणा. अर्जदार म्हणतो, मी मोटरच्या आवरणात गोल फिरणारी नळीसारखी वाट केली. एफईआर येतो, म्हणजे पहिला तपासणी अहवाल, त्यात लिहिलेलं की डी१ मध्ये पाण्याखालची बोटीची मोटर आहे, डी२ मध्ये इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरला तशीच गोल वाट आहे, दोन्ही जोडले की तुमची मोटर तयार, या क्षेत्रातल्या जाणकार माणसाला हे सुचलंच असतं, पेटंट कायद्याचं कलम २(१)(जेए). शेपटीला कलम ३(एफ) पण लावलेलं, माहितीतली उपकरणं नुसती शेजारी शेजारी ठेवलीत म्हणून.

उत्तराला सहा महिने मिळतात. पहिलं उत्तर सगळेच देतात की गाडी वेगळी बोट वेगळी. यावर कुणीही ढिम्म हलत नाही आणि हलू नयेच. त्यापेक्षा बरं उत्तर असं की गाडीत बंद सर्किट असतं, ग्लायकॉलचं स्वच्छ पाणी तेच तेच फिरतं, म्हणून वाट अरुंद चालते, तीच वाट खाडीच्या पाण्याला दिली तर गाळानं बुजून जाईल, म्हणजे डी२ बघून जाणकार माणूस उलट त्यापासून लांब पळेल. हे वजनदार आहे. पण एक्झामिनरही कच्चा नसतो, तो हिअरिंगमध्ये विचारतो की मग बोटीतही बंद सर्किट करून बाहेर बुडाला कूलर लावला तर? आणि डिझेलच्या बोटींना तसे कूलर कित्येक दशकं लागतायत. झालं, आपण परत पहिल्या घरात.

मग अर्जदार मागं सरकत सरकत म्हणतो की माझी मोटर वर उचलली की आवरणातलं पाणी उतारानं आपोआप निघून जातं, आत मीठ साचत नाही. छान आहे, पण पेट्रोलच्या आउटबोर्डमध्ये ही सोय जुनी आहे, आणि इथंच लोकांचा सर्च तोकडा पडतो कारण त्यांनी फक्त "इलेक्ट्रिक" घालून शोधलेलं असतं. पाण्याला काय माहीत वर इंजिन आहे का मोटर!

अजून एक आवडतं वाक्य म्हणजे "भारतीय उष्ण हवामानासाठी खास". कोकणच्या समुद्राचं पाणी मे महिन्यात तीसच्या आसपास जातं हे खरंय, आणि जर्मनीतल्या तळ्यावरच्या डिझाइनपेक्षा आपल्याकडं कठीण हेही खरंय. पण जहाजं तपासून दर्जा देणाऱ्या क्लासिफिकेशन संस्थांच्या नियमात कूलिंगसाठी समुद्राचं पाणी ३२ डिग्री आणि इंजिनरूमची हवा ४५ डिग्री धरूनच यंत्रं बनवायची असतात, आणि मुख्य यंत्र १५ डिग्री कललेलं आणि साडेबावीस डिग्रीपर्यंत हेलकावे खात असतानाही चाललं पाहिजे असंही त्यात आहे. म्हणजे "बोट कलली तरी आवरणात हवा अडकत नाही" एवढंच लिहिलं तर ते नियम पाळल्यासारखं होतं, शोध नाही. हवा अडकू नये म्हणून नेमकं काय केलं, ते सांगा.

आपल्याकडं या बाबतीतला पाया म्हणजे सुप्रीम कोर्टाचा १९७८ चा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा निकाल, आणि तो मला फार आवडतो कारण त्यात रॉकेट नाही की औषध नाही, मिर्झापूरची भांडी आहेत. भांडं लेथवर धरायच्या जुगाडाचं पेटंट होतं आणि कोर्टानं ते टिकू दिलं नाही, नुसत्या वर्कशॉपमधल्या सुधारणेपेक्षा काहीतरी जास्त पाहिजे म्हणाले. कूलिंगच्या फाइली वाचताना हे वाक्य सारखं आठवतं, कारण नळी इकडची तिकडं करणं हे वर्कशॉपमध्ये रोज चालतं. पण दुसरी बाजूही आहे, दिल्ली हायकोर्टानं २०२२ मध्ये ॲग्रीबोर्डच्या केसमध्ये सांगितलं की नुसतं "उघड आहे" म्हणून अर्ज फेटाळता येणार नाही, आधीच्या कागदात काय होतं, अर्जात काय आहे आणि एकातून दुसरं कसं उघड होतं हे तिन्ही लिहावं लागेल. त्यामुळे आदेशात डी१ डी२ चे नुसते नंबर असतील तर अपील करायला जागा आहे, आणि अपील आता थेट हायकोर्टात, २०२१ मध्ये आयपीएबी (आधी ही अपिलं ऐकणारं मंडळ) बंद झाल्यापासून.

मग आमच्या कल्पित अर्जात उरलं काय? पान चौदावर कुठंतरी दोन ओळी होत्या. पाणी आत घ्यायची जाळी बुजली तर फ्लो सेन्सर न लावता कसं कळतं, तर तेवढाच करंट असताना वाइंडिंग (मोटरमधली तांब्याच्या तारेची गुंडाळी) किती झपाट्यानं तापतंय हे इन्व्हर्टर, म्हणजे मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर, बघतो, आणि तसं झालं तर मोटर बंद करत नाही, पॉवर पायरीपायरीनं उतरवतो, कारण ओहोटीच्या ओढीत मोटर बंद पडलेली बोट म्हणजे सुकाणू असून नसल्यासारखं. माझ्या मते सगळ्या अर्जात दम असलेली जागा हीच, फ्लो सेन्सर खाऱ्या पाण्यात सगळ्यात आधी मरतो हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच हे सुचेल. आता यावर कलम ३(के) येणार, अल्गोरिदम आहे म्हणून, पण फरीद अलानीच्या केसमध्ये २०१९ ला दिल्ली हायकोर्टानं टेक्निकल परिणाम बघा म्हटलंय, आणि इथं परिणाम सरळ मोटरच्या तांब्यावर दिसतो, तेव्हा लढता येतं.

लढता येतं, जर त्या दोन ओळींच्या जागी दोन पानं असती तर. कलम ५९ असं आहे की दुरुस्ती करताना मूळ कागदात नसलेलं काही घुसवता येत नाही. एफईआर आल्यावर अर्जदार उत्साहानं म्हणतो, "अहो मॅडम, आमच्याकडं टेस्टचा सगळा डेटा आहे ना, टाका की!" स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या वर्णनात, आता नाही टाकता येत. युक्तिवादाला आधार म्हणून जोडता येतो फार तर, पण कुठल्या करंटला किती तापमान, जाळी किती बुजलेली, पॉवर कुठल्या पायरीवर उतरवायची, यातलं काहीच मूळ कागदात नसेल तर क्लेम त्या आकड्यांवर अरुंद करता येत नाही, आणि अरुंद करणं हाच तर बचावाचा रस्ता. म्हणून मी प्रोव्हिजनल (तारीख धरून ठेवणारा पहिला कच्चा अर्ज) टाकल्यावरचे, पूर्ण अर्जापर्यंतचे १२ महिने फार महत्त्वाचे मानते, त्या काळात बोट पाण्यात घाला, आणि पवना धरणात नव्हे हो, खारवटलेल्या गढूळ खाडीत घाला, आणि जे जे बिघडतं ते लिहून ठेवा. गोड्या पाण्यातला सुंदर ग्राफ जोडून समुद्रातल्या गंजाबद्दल दावे केलेले अर्ज मी पाहिलेत, एक्झामिनर ते बरोबर पकडतो, आणि मला तो पकडतो तेव्हा खरं सांगायचं तर बरंच वाटतं, कारण ढगळ क्लेम मंजूर झाला असता तर उद्या कोकणात एखादा मचव्याला मोटर बसवणारा मेस्त्री उगाच नोटिशीत अडकला असता.

आणि हो, बोट पाण्यात घालायची म्हणजे चारचौघांसमोरच, खाडीला दार लावता येत नाही, मग प्रोव्हिजनलच्या आधीच घातली तर नावीन्य गेलं का, हा प्रश्न नेहमी येतो. त्यासाठी कलम ३२ आहे. अग्रहक्काच्या तारखेआधीच्या (बहुधा प्रोव्हिजनल टाकल्याच्या तारखेआधीच्या) एका वर्षात अर्जदारानं स्वतः किंवा त्याच्या संमतीनं, फक्त रास्त चाचणीसाठी आणि शोधाचं स्वरूपच असं आहे की उघड्यावर चाचणी घ्यावीच लागेल म्हणून केलेला वापर नावीन्य घालवत नाही. बोट या अटीत बसण्यासारखी आहे. पण तिकीट लावून प्रवासी फिरवले तर ती चाचणी राहत नाही, आणि मोटरचं झाकण उघडून आतली वाट दाखवणारी रील टाकली तर ते वापरात नाही तर सरळ प्रकाशनात जाईल, असं माझं मत, आणि रीलखाली तारीख छापून येतेच.